वकीलसाहेबांचा डॅक

माझा मुलगा प्रमोद दाराबाहेर वीस मिनिटं उभा होता. मी दळण घेऊन गल्लीत शिरले तर तो बेलवर बोट दाबून उभा, पाठीला बॅग, आणि चेहरा असा की आता दार लाथेनंच उघडेल. आत गाणं चालू होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत सगळ्यांना ते ऐकू येत होतं. बेल तेवढी आतल्या माणसाला ऐकू येत नव्हती.

मी किल्लीनं दार उघडलं. जॉबर स्पीकरसमोर पाट घेऊन बसले होते. एका हातानं ती काळी डबी चाचपत होते, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. जमिनीवर माझी सावली पडली तसं त्यांना मी आल्याचं कळलं.

"हिच्यात दोष हाय," ते म्हणाले. "बाकी सगळं बघून झालंय. आता हीच राहिली."

प्रमोदनं पुढे होऊन गाणं बंद केलं, तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

"कधी आलास?"

"आत्ताच," प्रमोद म्हणाला. राग आला की तो खोटं बोलतो. हा गुण माझा.

मी नवऱ्याला जॉबर म्हणते याचं लोकांना हसू येतं. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जो माग दुरुस्त करतो तो जॉबर. लग्नाआधी मी ह्यांना जॉबर म्हणत होते, लग्नानंतर बदलायचं काही कारण दिसलं नाही. नाव आण्णाप्पा. छत्तीस वर्षं ह्यांनी माग दुरुस्त केले, आणि मी त्याच कारखान्यात कांडी भरली, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायचं काम. कांडीची खोली बाजूला, मधे भिंत. त्या भिंतीनं माझे कान वाचवले. ह्यांच्या कानांना भिंत नव्हती.

शेडमध्ये आवाजानं बोलता येत नाही. दीडशे माग एकदम धडधडत असतात. तिथं माणसं ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. आमचं लग्नसुद्धा असंच ठरलं, दारात उभं राहून, तोंडातून एक अक्षर बाहेर न काढता. त्यामुळे ह्यांचे कान कधी गेले ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या गल्लीत निम्मी माणसं कारखान्यातली. ती ह्यांच्याशी ओठांनी बोलतात, हे तोंडभरून उत्तर देतात. आमच्या गल्लीत हे बहिरे नव्हतेच. ते बहिरे झाले ते प्रमोदच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये.

कानाच्या डॉक्टरांनी तक्ता काढून दाखवला होता. रेघ निम्म्यात जाऊन खाली कोसळलेली. ह्यांनी तो कागद उलटसुलट करून बघितला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्यांचं मशीन जुनं हाय."

ही सगळी जॉबरची खोड. आयुष्यभर दोष मशिनात शोधला, तो मशिनात सापडला, काढला, माग चालू झाला. गाणं पूर्वीसारखं लागेना तेव्हा ह्यांनी आधी वायरी बदलल्या. मग अँप्लिफायर बदलला. मग स्पीकरची खोकी सुताराकडून नवी करून घेतली, कमरेएवढी उंच, सागवानी. आता राहिली होती ही डबी. कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांत साठवलेलं असतं म्हणे, त्या आकड्यांचा परत आवाज करून द्यायचं काम हिचं. तिला डॅक म्हणतात. आमची डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी होती.

"आता कोल्हापुरात एक वकील हाईत," त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी प्रमोदला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. हे सगळंच मोठ्यानं सांगतात. "सबनीस म्हणून. त्यांचा डॅक विकायचा हाय. उद्या दहाला बोलावलंय."

"आप्पा, डॉक्टरांनी कानात मशीन घाला म्हणून सांगितलंय. तुम्ही घरात घालताय."

"कानातलं शिट्टी मारतंय."

"मग दुसरं घेऊ. चांगलं घेऊ. पण हे कशाला? तुम्हाला बेल ऐकू येत नाही. वीस मिनिटं उभा होतो मी."

हे ह्यांनी नीट वाचलं. प्रमोद बोलताना तोंडात घास होता तरी वाचलं. थोडा वेळ भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला.

"बेल बारीक हाय," ते म्हणाले. "आणि ते वकील कुणालाबी देत न्हाईत मशीन. परीक्षा घेतात. आपली डबी आणि त्यांचा डॅक, दोन्ही आडोशाला ठेवायचे. आलटून पालटून दहा डाव लावायचे. कुठलं लागलंय ते ओळखायचं. आठ बरोबर आले तर मशीन. न्हाई आले तर चहा घेऊन परत."

"आणि तुमचे आठ येणार?"

"येणार."

प्रमोदनं ताट बाजूला सारलं. माझा मुलगा वाईट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलले. त्याला आमची काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाला आपलंच बरोबर वाटतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आठ आले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आले तर ही खोकी विकायची, घराला भाडेकरू बघायचा, आणि दिवाळीच्या आत दोघांनी पुण्याला यायचं. कायमचं. कबूल?"

"कबूल," जॉबर म्हणाले.

मला कुणी विचारलं नाही. मी दळणाचं पीठ डब्यात भरत होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पुण्यात आम्ही तीन आठवडे राहून आलो होतो. नवव्या मजल्यावर. तिथं सून, नातवंडं, शेजारी, सगळी चांगली माणसं. पण ती पाठ फिरवून बोलायची, फोनमध्ये बघत बोलायची, स्वयंपाकघरातून बोलायची. आणि ह्यांनी "काय?" म्हटलं की, "काही नाही आप्पा, जाऊ दे." तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी "काय?" म्हणणं सोडलं होतं. ते गॅलरीत बसायचे आणि खाली पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. पुन्हा तिथं गेलो असतो तर हा माणूस वर्षभरात मिटून गेला असता, हे मला भाकरीवर हात ठेवून सांगता आलं असतं.

सकाळी प्रमोद गाडी बाहेर काढत होता तेव्हा जॉबर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलले.

"तू काय सांगायचं न्हाई. हात पदरात ठेव. कान माझा, परीक्षा माझी."

मला राग आला. म्हणजे खुणांचं ह्यांच्याही मनात आलं होतं. खरं तर रात्रभर माझ्याही मनात तेच होतं. तर्जनी म्हणजे आपली डबी, मूठ म्हणजे वकिलांचा डॅक. आम्हाला शिकायला काही लागलं नसतं.

"शपथ?" त्यांनी विचारलं.

"शपथ," मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं.

सबनीस वकिलांचं घर रुईकर कॉलनीत. वरच्या मजल्यावर गाण्याची एक वेगळी खोली, खाली जाड गालिचा, भिंतींना पडदे, आणि खोलीच्या मधोमध एकच खुर्ची. बाकी सगळं सामान तिच्याकडे बघत ठेवलेलं. वकील साठीचे असतील. गोरे, नेटके, बोलणं मऊ. आम्हाला सरबत दिलं. आमची डबी त्यांनी दोन बोटांत धरली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. ते न बोलणं मला लागलं.

त्यांचा डॅक मात्र डब्यासारखा डबा होता. जाड अॅल्युमिनियमचा, पुढे एक बटण, एक बारीक निळा दिवा. जॉबरनी त्यावर तळहात ठेवला. "गरम हाय."

"असतोच. पहिला अर्धा तास तापू द्यावा लागतो," वकील म्हणाले. ते ह्यांच्या डाव्या बाजूला उभे होते. ह्यांना ते कळलं नाही. मी ओठांनी सांगितलं, तेव्हा ह्यांनी मान हलवली. वकिलांनी आम्हा दोघांकडे बघितलं.

मग त्यांनी एक मीटर आणून दोन्ही मशिनांचा आवाज सारखा मोजून घेतला. मोठा आवाज माणसाला उगाच चांगला वाटतो म्हणे. दोन्हींवर एक कापड टाकलं. प्रमोदच्या हातात वही दिली. जॉबर मधल्या खुर्चीत बसले.

"हिला खिडकीपाशी बसू दे," ते म्हणाले. "वारं लागंल तिला."

खिडकी स्पीकरच्या बाजूच्या भिंतीत होती. मी तिथं स्टुलावर बसले. हात पदराखाली घेतले, बोटांत बोटं अडकवली.

आधी वकिलांनी ओळख म्हणून दोन्ही एकेकदा ऐकवले. गाणं एका बाईंचं होतं, नुसता तंबोरा, पेटी आणि त्या. आमच्या डबीवर लागलं ते मला माहीत होतं तसंच लागलं. मग वकिलांनी कापडाखाली काहीतरी फिरवलं.

मी आजवर गाणं ऐकलं नव्हतं असं मला वाटलं. ओळ सुरू व्हायच्या आधी त्या बाईंनी श्वास घेतला, आणि तो मला ऐकू आला. पेटीचा भाता मागे कुठंतरी हळूच उघडला. शब्द संपल्यावरही तो हवेत थोडा वेळ राहिला आणि मग गेला. मला कांडीच्या कामाची सवय. सूत तुटतं तिथं गाठ मारायची आणि ती बोटाला लागू द्यायची नाही. आमच्या डबीवर त्या गाण्यात सगळीकडे गाठी होत्या, आणि मला ते इतकी वर्षं कळलं नव्हतं.

परीक्षा सुरू झाली.

"एक," वकील म्हणाले. गाणं लागलं. जॉबर सरळ बसून होते. डोळे माझ्याकडे. घरीही ते माझ्याकडेच बघतात, त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. अर्ध्या मिनिटानं ते म्हणाले, "आपली डबी."

प्रमोदनं लिहून घेतलं.

"दोन." परत गाणं. "तुमचा."

"तीन." "तुमचा."

"चार." "डबी."

वकील कापडाखाली हात घालत होते, प्रमोद लिहीत होता. बरोबर की चूक ते शेवटी सांगायचं होतं. पण मला माहीत होतं ना. प्रत्येक वेळी मला माहीत होतं, आणि प्रत्येक वेळी हे तेच म्हणत होते. पदराखाली माझी बोटं दुखायला लागली. सहाव्या डावाला खिडकीच्या गजांत एक मांजर येऊन बसलं, कानाला जखम झालेलं, मी त्याच्याकडे बघत राहिले आणि हे चुकले. मग सातवा बरोबर. आठवा, नववा, दहावा.

वकिलांनी प्रमोदची वही घेतली, आपल्या कागदाशी ताडून बघितली. मग पुन्हा एकदा बघितली.

"दहापैकी नऊ," ते म्हणाले. "इतके आजवर फक्त एकाचे आलेत."

"तुमचे?" प्रमोदनं विचारलं.

"माझे आठ येतात."

मला रडू आलं. लपवायला पदर होताच. ह्यांना ऐकू येत होतं. डॉक्टर, तक्ता, ती कोसळलेली रेघ, सगळं गेलं खड्ड्यात. दोष खरंच डबीत होता आणि तो आता सापडला होता. घरी जाऊन मी ह्यांना काय काय ऐकवणार होते ते माझ्या मनात रांगेनं उभं राहिलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. बायको रडतेय म्हटल्यावर हे हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. त्यांनी नजर खाली घेतली.

तेच वकिलांनी बघितलं. तीस वर्षं साक्षीदार तपासलेला माणूस.

"आण्णासाहेब, एक विनंती," ते म्हणाले. ह्यांना कळलं नाही. वकील पुढ्यात येऊन परत बोलले. "आणखी फक्त चार डाव. बाईंना जरा बाहेरच्या खोलीत बसू दे."

"कशाला?" मी म्हटलं. "मी बोललो का मधे?"

"नाही. म्हणूनच."

मी उठले आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. दार उघडंच होतं. मला खुर्चीची पाठ दिसत होती आणि ह्यांच्या डोक्याचा मागचा भाग.

गाणं लागलं. वकिलांचा डॅक. तो श्वास मला बाहेरसुद्धा ऐकू आला. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं. जॉबर काही बोलले नाहीत. वकिलांनी बदललं, आमची डबी लावली. जॉबर काही बोलले नाहीत.

"आप्पा?" प्रमोद म्हणाला.

"बंद करा," जॉबर म्हणाले. "दोन्ही मला एकच लागतंय."

वकिलांनी गाणं बंद केलं. मी आत आले.

"म्हणजे खुणा चालल्या होत्या," वकील म्हणाले. आवाज मऊच होता, पण त्यात समाधान होतं.

"आई," प्रमोद म्हणाला. "तू पण?"

मी पदर बाजूला करून दोन्ही हात पुढे केले. बोटांवर नखांचे व्रण उमटले होते. "काल रात्रीपासून खुणा करायचं माझ्या मनात होतं," मी म्हटलं. "पण ह्यांनी शपथ घातली. म्हणून हात बांधून बसलो. एक बोट हललं न्हाई."

"मग हे कसं..."

"तिनं काय केलं न्हाई," जॉबर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, खुर्चीच्या पाठीला धरून. "मीच बघत होतो. चांगलं मशीन लागलं की हिचं तोंड बदलतंय. इथं, डोळ्यांखाली. तिला म्हाईत न्हाई. सहाव्याला ही मांजराकडं बघाय लागली, म्हणून चुकलो."

मग ते प्रमोदकडे वळले.

"कारखान्यात लोक म्हणायचे, जॉबरला फाटकातनं ऐकून कळतं कुठला माग बिघडलाय. पहिली पाच-सात वर्षं कळत होतं. नंतर मी मागवाल्याचं तोंड बघायचो. माग रुसला की माणूस दात दाबतोय. कुणाला कळलं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हिला खिडकीपाशी मीच बसवलं. वाऱ्यासाठी न्हवं. मनात होतं, आधी आपल्या कानानं बघू. पहिल्या डावालाच कळलं, काय येत न्हाई. मग तिच्याकडं बघितलं. हरलो मी. दोष मशिनात न्हवता. माझ्यात हाय."

इतक्या वर्षांत हा माणूस असं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. प्रमोदचे डोळे भरले होते. तो पुढे झाला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आप्पा, असू दे. आपण पुण्यात चांगला डॉक्टर बघू. खोकी मी विकतो, तुम्ही कशात पडू नका."

जॉबरनी मान हलवली. मान हलवून ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला तो पुण्याच्या गॅलरीतला माणूस दिसला. माझं टाळकं सटकलं.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "परीक्षा कुणाची झाली?"

"म्हणजे?"

"ह्यांनी माझं तोंड वाचलं. मग ओळखलं कुणी? नऊ कुणाचे?"

वकिलांनी वही पुन्हा उघडली. "तसं बघितलं तर तुमचे," ते म्हणाले. "आणि सहावा तुम्ही दिलाच नाहीत. म्हणजे नऊपैकी नऊ."

"मग मशीन मला द्या."

"आई, काय चाललंय तुझं?" प्रमोद म्हणाला. "पैज ठरली होती. आप्पांनी शब्द दिलाय."

"आप्पांनी दिला. मला कुणी विचारलं? मी पीठ भरत होतो. त्यांना जायचं असंल तर त्यांनी जावं पुण्याला. मी न्हाई येत. घर भाड्यानं द्यायचं न्हाई, खोकी विकायची न्हाईत."

"अगं, पण त्यांना ऐकू येत नाही! आत्ता स्वतः म्हणाले."

"ते मला तू सांगतोस?" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "तीन आठवडे तुझ्या घरात होतो. त्या तीन आठवड्यांत ह्यांच्या तोंडाकडे बघून किती वेळा बोललास, मोज. 'जाऊ दे आप्पा', 'काही नाही आप्पा'. इथं गल्लीत भाजीवाली थांबून, समोर येऊन बोलते ह्यांच्याशी. ह्यांनी बेल ऐकली न्हाई म्हणून तुला राग येतो. तुझं ह्यांनी काल काय काय ऐकलं, तोंडात घास होता तुझ्या, तरी ऐकलं. मी बघत होतो."

प्रमोदनं खाली गालिच्याकडे बघितलं. मला वाईट वाटलं, पण मी एक शब्द मागे घेतला नाही, अजून घेतलेला नाही.

वकिलांनी घसा साफ केला. "बाई, रागावू नका. मी मशीन ऐकणाऱ्यालाच देतो, हा माझा नियम. तुमच्या घरी हे ऐकणार कोण?"

"मी."

"आणि हे?"

"हे बघतील."

वकिलांनी डॅकची वायर काढली, हातानं गुंडाळली, आणि डबा मूळ खोक्यात घालून माझ्या हातात दिला. जॉबरच्या सदऱ्याच्या खिशात पैशाचं पाकीट होतं, ते मी काढून वकिलांना दिलं. जॉबरनी अडवलं नाही. जिन्यावर वकील मागून म्हणाले, "आमच्या रविवारच्या बैठकीला येत चला. आमच्यात बायका नाहीत."

"दिसतंयच," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर जॉबर खिडकीबाहेर बघत बसले. मी मांडीवर खोकं घेऊन मागे. दोनदा त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी मान वळवली नाही. आमच्यात न बघणं म्हणजे कान बंद करणं, दाराला आतून कडी घालणं. पंचगंगेचा पूल गेला, हातकणंगले गेलं. मी मनात म्हटलं, रुसा. किती रुसायचं तेवढं रुसा. घर तर जात नाही ना.

दुपारी प्रमोदनंच डॅक जोडला. दारात उभी राहून मी बघत होते. त्यानं वायरी नीट बांधल्या, मागची धूळ पुसली, आणि जुनी डबी उचलून विचारलं, "ही काय करू?"

"टाक कुठंतरी," मी म्हटलं.

तो डॅक अजून आहे. आठ वर्षं झाली. उन्हाळ्यात फार तापतो, मग मी त्याच्याखाली चार बाटल्यांची झाकणं ठेवते. निळ्या दिव्यावर पट्टी चिकटवली आहे, डोळ्यात घुसतो म्हणून. वकिलांचा दोन वर्षांनी फोन आला होता, त्यांचा नवीन आता जुना झाला होता आणि विकायचा होता. मी म्हटलं, आमचं भागतंय.

पण त्या दुपारी जॉबर खोलीत आलेच नाहीत. मागच्या परड्यात जाऊन एक चांगला चालणारा नळ खोलून दुरुस्त करत बसले. मी गाणं लावलं आणि एकटीच ऐकलं. मुद्दाम ऐकलं. संध्याकाळी परत लावलं. त्यांच्यासाठी घेतलं असं कुणी म्हणायला नको होतं. मला ऐकायचं होतं. साठ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी ऐकायचं होतं, आणि ते मी घेतलं होतं. तरी गाणं संपलं की मी दाराकडे बघत होते, हे खोटं कशाला सांगू.

सोमवारी सकाळी प्रमोदला निघायचं होतं. मी त्याच्यासाठी धपाटे बांधले आणि तो आंघोळीला गेल्यावर गाणं लावून बसले. वेगळं गाणं होतं, सनई. पाठीमागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जॉबर लोखंडी खुर्ची ओढत आणत होते. ती त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि बसले. कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. सनई वर चढली आणि माझ्या तोंडाचं काय झालं ते मला माहीत नाही. त्यांनी तळहात गुडघ्यावर हळूहळू आपटायला सुरुवात केली. ठेका बरोबर होता.

प्रमोद बॅग घेऊन दारात आला. मग आत येऊन बापाच्या खुर्चीला हात लावला.

"आई, आप्पांची खुर्ची फिरवू का? स्पीकरकडं पाठ करून बसलेत."

"राहू दे," मी मान न वळवता म्हटलं. "तिथनं त्यांना नीट ऐकू येतं."